शब्दांचीं कुळें लावणारा डॉक्टर

इंग्रजी निबंधाच्या वह्या तपासतांना एकदां एका वहींत मला एक अजब वाक्य आढळलें. विषय होता 'माझी आजी', आणि लेखक एक कष्टाळू विद्यार्थी. आपली आजी फार म्हातारी आहे एवढेंच त्याला सांगावयाचें होतें. परंतु 'ओल्ड' हा शब्द त्याला फारच साधा वाटला. त्यानें ग्रंथालयांतून एक जाड पुस्तक मिळविलें, त्यांत 'ओल्ड' या शब्दाच्या शेजारीं बसलेल्या शब्दांपैकीं एक भारदस्त शब्द उचलला, आणि आपली आजी 'अँटिक' आहे असें लिहून टाकलें. वाक्य वर्गांत वाचलें जातांच हंशा पिकला. पदार्थसंग्रहालयांतील एखाद्या मूर्तीप्रमाणें बिचारी आजी कांचेच्या कपाटांत जाऊन बसली! मुलगा हिरमुसला. पुस्तकांत छापलेला शब्द चूक कसा, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. त्या वेळीं मीं त्याला जें उत्तर दिलें तें अपुरेंच होतें. पुरें उत्तर द्यावयाचें तर ज्यानें तें पुस्तक रचलें त्याचें चरित्रच सांगितलें पाहिजे; तें येथें सांगतों.

पुस्तकाचें नांव 'थिसॉरस'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भांडार, खजिना. आणि आपल्या 'कोश' या शब्दाचाहि एक अर्थ तोच आहे. इ. स. १८५२ सालीं लंडन येथें हें पुस्तक प्रथम प्रसिद्ध झालें, तेव्हां त्याचे कर्ते डॉक्टर पीटर मार्क रॉझे हे ७३ वर्षांचे होते. ते वैयाकरण नव्हते, कवि नव्हते, शाळामास्तरहि नव्हते. सारी हयात त्यांनीं वैद्यकींत व शास्त्रीय संस्थांच्या कारभारांत घालविली, आणि आयुष्याच्या उतरणीवर जें काम हातीं घेतलें त्यानें त्यांचें नांव घरोघर पोंचविलें.

पीटरचा जन्म १८ जानेवारी १७७९ रोजीं लंडन शहरांत झाला. त्याचे वडील जाँ रॉझे हे मूळचे जिनिव्हा नगरचे. लंडनमधील फ्रेंच प्रॉटेस्टंट मंडळीचे ते पाळक होते. आई कॅथरीन ही रोमिली घराण्यांतील. तिचा भाऊ सॅम्युएल रोमिली हा पुढें मोठा कायदेपंडित झाला, आणि किरकोळ गुन्ह्यांना देहान्ताची शिक्षा देणारे इंग्लंडांतील कायदे सौम्य व्हावे म्हणून पार्लमेंटांत वर्षानुवर्षें झगडला. पीटर अवघा चार वर्षांचा असतां, १७८३ सालीं, त्याचे वडील क्षयानें वारले. पाठीमागें राहिली तरुण विधवा, पीटर आणि त्याची तान्ही बहीण. आईचें मन कोठेंच स्थिर होईना. एक बिऱ्हाड सोडावें, दुसरें करावें, तेंहि सोडावें, असा क्रम चालला. उतारवयांत तर तिच्या बुद्धीलाच भ्रम झाला.

अशा घरांत वाढणाऱ्या त्या मुलानें वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास एक वही केली. तींत लॅटिन शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ लिहिलेले होते. तसें तर पुष्कळ मुलें करतात. परंतु पीटरनें ते शब्द विषयवार लावले होते. प्राणी एकीकडे, शरीराचे अवयव एकीकडे, बागेंतील वस्तु एकीकडे. रॉझे यांचे अलीकडील चरित्रकार म्हणतात कीं घरांत जी व्यवस्था व शांति मिळत नव्हती ती हा मुलगा वहींत शोधीत होता. हा तर्क मला पटतो, पण सर्वस्वीं नाहीं. दुःखी मुलें पुष्कळ असतात, आणि त्यांतील कांहीं याद्याहि करतात. त्या सर्वांचे कांहीं ग्रंथ होत नाहींत.

चौदाव्या वर्षीं त्याला एडिंबरो विद्यापीठांत घालण्यांत आलें, आणि १७९८ सालीं, एकोणिसाव्या वर्षीं, तो डॉक्टर होऊन बाहेर पडला. रोगी एवढ्या पोरसवदा वैद्यावर विश्वास टाकीनात यांत नवल नाहीं. तेव्हां कांहीं काळ रॉझे इकडे तिकडे उमेदवारी करीत राहिले. १७९९ सालीं ते ब्रिस्टल येथें डॉक्टर बेडोज यांच्या वायुचिकित्सालयांत होते. निरनिराळे वायु हुंगवून क्षयासारखे रोग बरे करतां येतील काय याचा शोध तेथें चालला होता, आणि तरुण हंफ्री डेव्ही हे नायट्रस ऑक्साइडवर, म्हणजे ज्याला पुढें हंसविणारा वायु असें नांव पडलें त्यावर, प्रयोग करीत होते. कोलरिज व साउदी या कवींनीं तो वायु हुंगला आणि त्यांना मोठी मौज वाटली. रॉझे यांनींहि हुंगला. त्यांना नुसती घेरी आली. तरी आपल्याला काय काय वाटलें याचें टिपण त्यांनीं दक्षतेनें लिहून दिलें, आणि तें डेव्ही यांच्या १८०० सालच्या पुस्तकांत छापलेलें आहे. ज्या अनुभवांत कवि रंगून गेले, त्याच अनुभवाला हा मनुष्य नेमके शब्द शोधीत बसला होता!

यानंतर जो प्रसंग आला तो एखाद्या कादंबरींत शोभावा असा आहे. १८०२ सालीं इंग्लंड व फ्रान्स यांच्यांत तह झाला, आणि मँचेस्टरच्या एका धनाढ्य गिरणीवाल्यानें आपल्या दोन मुलांना युरोप दाखविण्यासाठीं रॉझे यांना शिक्षक नेमलें. पॅरिस पाहून हे तिघे जिनिव्हास पोंचले. जिनिव्हा त्या वेळीं फ्रान्सच्या ताब्यांत होतें. १८०३ च्या मे महिन्यांत तह मोडला, आणि फ्रान्सच्या मुलुखांतील इंग्रज पुरुषांना अटकेंत ठेवावें असा नेपोलियनचा हुकूम सुटला. दोन्ही मुलें लहान असल्यानें हुकमांतून सुटत होतीं; रॉझे सांपडत होते. त्यांनीं मुलांना पुढें धाडून दिलें, आणि आपले वडील जन्मानें जिनिव्हाचे, म्हणून आपणहि जिनिव्हाचे नागरिक, असा दावा मांडून त्याचे कागद मिळविले. अधिकाऱ्यांना तो मान्य करावा लागला. मग जुनेर अंगावर चढवून, वाटेंतील फ्रेंच खेड्यांतून जातांना एकहि इंग्रजी शब्द तोंडांतून निघूं न देतां, त्यांनीं सरहद्द ओलांडली. इंग्रजी शब्दांचें भांडार ज्यानें पुढें जगाला दिलें त्याचें स्वातंत्र्य एकदां इंग्रजी न बोलण्यावर अवलंबून होतें, ही गंमत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

१८०४ सालीं रॉझे मँचेस्टरच्या रुग्णालयांत वैद्य झाले. येथें, वयाच्या पंचविशी-सव्विशींत, त्यांनीं आपल्या ग्रंथाचा पाया घातला. त्यांची अडचण तुमच्या आमच्यासारखीच होती. व्याख्यान देतांना किंवा लिहितांना कल्पना मनांत स्पष्ट असावी, पण तिचा नेमका शब्द कांहीं केल्या जिभेवर येऊं नये. शब्दकोश अशा वेळीं निरुपयोगी. कारण शब्द ठाऊक असेल तर कोश अर्थ सांगतो, आणि येथें अर्थ ठाऊक असून शब्दच हरवलेला. तेव्हां शब्दाकडून अर्थाकडे न जातां अर्थाकडून शब्दाकडे जाणारी वाट त्यांनीं आपल्यापुरती बांधून काढली. अर्थांचे वर्ग पाडून त्यांखालीं शब्द मांडलेली ही लहानशी वही १८०५ सालीं पुरी झाली. ती छापावी असें त्यांच्या मनांतहि आलें नाहीं. पुढें सत्तेचाळीस वर्षें ती त्यांच्या टेबलावर राहिली, आणि लागेल तेव्हां ते तिचा उपयोग करीत व तींत भर घालीत.

१८०८ सालीं ते लंडनला आले. तेथील त्यांच्या उद्योगांची नुसती यादी द्यावयाची तरी पान पुरणार नाहीं. वैद्यकी, व्याख्यानें, ब्रिटानिका ज्ञानकोशांतील लेख, बुद्धिबळाचीं कोडीं, हें सर्व चालूच होतें. १८१४ सालीं त्यांनीं स्लाइड रूल या गणिती पट्टीची एक नवी जात सिद्ध केली. तिच्या योगानें कोणत्याहि संख्येचे घात व मुळें नुसती पट्टी सरकवून काढतां येत. त्याबद्दल १८१५ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांना सभासद करून घेतलें. १८२४ सालीं त्यांनीं आणखी एक चमत्कारिक निबंध लिहिला. उभ्या फटींतून फिरत्या चाकाकडे पाहिलें असतां त्याचे सरळ आरे वांकलेले कां दिसतात, हा त्याचा विषय. चलच्चित्रांच्या इतिहासांत या निबंधाचा उल्लेख अद्याप होतो, जरी पडद्यावरील चित्र हलतांना कां दिसतें याचें त्या काळचें स्पष्टीकरण आज पुरें मानीत नाहींत. १८२७ पासून १८४८ पर्यंत ते रॉयल सोसायटीचे चिटणीस होते.

हें बाहेरचें वैभव झालें. घरांत मात्र एकामागून एक घाव बसले. ज्या मामानें पित्याच्या ठिकाणीं राहून त्यांना वाढविलें, तो सॅम्युएल रोमिली १८१८ च्या नोव्हेंबरांत पत्नीच्या मृत्यूनें वेडापिसा होऊन आपल्याच हातानें जीवनाचा अंत करून बसला. आणि त्याच्या शुश्रूषेस जो वैद्य घरांत होता तो रॉझेच. आपल्या विद्येचा आपल्याच माणसाला उपयोग झाला नाहीं, हें शल्य वैद्याला किती टोंचत असेल! १८२४ सालीं त्यांचें लग्न झालें. मेरी हॉब्सन ही त्यांच्याहून पुष्कळ लहान. संसार सुखाचा होता. एक मुलगी व एक मुलगा देऊन ती १८३३ सालीं रोगानें वारली. पुढच्याच वर्षीं रॉझे यांचा प्राणी व वनस्पति यांच्या शरीरव्यापारांवरील द्विखंडात्मक ग्रंथ बाहेर पडला. दुःख आलें कीं हा मनुष्य वर्गीकरणाकडे वळे असें दिसतें.

रॉयल सोसायटीच्या कामांतून मोकळे झाल्यावर त्यांनीं ती जुनी वही पुन्हा बाहेर काढली. आतां वेळ होता, आणि वयाला सत्तर वर्षें झालीं होतीं. सुमारें तीन-चार वर्षें अहोरात्र खपून त्यांनीं तिचा ग्रंथ केला.

आतां या ग्रंथाची रचना पाहूं. विद्यार्थ्यांनीं येथें थोडें सावकाश वाचावें. इंग्रजीच्या तासाला जें शिकवितात त्यांतील पुष्कळशा गोष्टींचें मूळ येथें सांपडेल. रॉझे यांनीं मनुष्याच्या सर्व कल्पनांचे सहा मोठे वर्ग केले: अमूर्त संबंध, अवकाश, जड द्रव्य, बुद्धि, इच्छाशक्ति आणि भावना. त्यांचे पोटवर्ग पाडीत पाडीत बरोबर एक हजार मथळे केले. पहिला मथळा 'अस्तित्व', दुसरा 'अभाव', आणि हजारावा 'देवालय'. प्रत्येक मथळ्याखालीं त्या कल्पनेचे शब्द दिले, पण कसेबसे कोंबून नव्हे. आधीं नामें, मग क्रियापदें, मग विशेषणें, मग क्रियाविशेषणें. आणि शब्दांच्या जोडीला वाक्प्रचारहि. व्याकरण हें नियमांचें ओझें नसून एकाच कल्पनेला चार निरनिराळे वेष चढविण्याची सोय आहे, हें ज्याला पाठ्यपुस्तकावरून कळलें नाहीं त्यानें या पुस्तकाचें एक पान पाहावें. पुष्कळ मुलें लिहितात, 'ही मेड अ डिसिजन', आणि तें शुद्धहि आहे. पण नामाच्या रांगेवरून नजर जरा क्रियापदांच्या रांगेकडे नेली कीं 'ही डिसायडेड' एवढ्यांत काम होतें, आणि वाक्याची चालहि हलकी होते.

दुसरी युक्ति याहून सुंदर आहे. एकमेकांविरुद्ध असणाऱ्या कल्पना त्यांनीं पानाच्या दोन उभ्या रकान्यांत समोरासमोर बसविल्या. उजेडासमोर अंधार, जीवनासमोर मरण. विरुद्धार्थी शब्द पाठ करतांना आपण असें समजतों कीं प्रत्येक शब्दाला एकच शत्रु असतो. रॉझे यांनीं दाखवून दिलें कीं तसें नाहीं. कांहीं जोड्यांच्या मध्यें तिसरी एक अवस्था उभी असते: फुगीर व खोलगट यांच्या मध्यें सपाट, हांव व तिटकारा यांच्या मध्यें उदासीनता. शिवाय एकाच शब्दाला दोन दोन विरुद्धार्थी शब्द असूं शकतात. 'ओल्ड' हेंच त्यांनीं दिलेलें एक उदाहरण आहे. त्याच्यासमोर एकदां 'न्यू' उभा राहतो आणि एकदां 'यंग'.

आतां त्या आजीकडे वळूं. मराठींत आपण वस्तूला जुनी म्हणतों आणि माणसाला म्हातारा म्हणतों. इंग्रजींत दोहोंना 'ओल्ड' हा एकच शब्द पुरतो. थिसॉरसमध्यें मात्र त्याचीं दोन घरें आहेत. जुनेपणाचा मथळा वेगळा, त्याच्यासमोर नवेपणा. वार्धक्याचा मथळा वेगळा, त्याच्यासमोर तारुण्य. 'अँटिक' राहतो पहिल्या घरांत. 'एल्डरली' व 'एजेड' राहतात दुसऱ्यांत. आमचा विद्यार्थी चुकीच्या दारांत शिरला एवढेंच. समोरच्या रकान्याकडे एक दृष्टि टाकली असती तर 'न्यू' दिसला असता, आणि आजीचा विरुद्धार्थ 'नवी आजी' होऊं शकत नाहीं हें त्याच्या तेव्हांच ध्यानांत आलें असतें.

एका घरांत राहणारे शब्दहि एकमेकांच्या जागीं बसतात असें मात्र नाहीं. हें आपल्या भाषेंत पाहिलें म्हणजे लगेच पटतें. पाणी, जल, नीर, उदक यांचा अर्थ एकच असें आपण म्हणतों. पण तहानलेला पांथस्थ पाणी मागतो, उदक मागत नाहीं. तर्पणाला उदक लागतें, गंगेचें तें जल, आणि नीर बहुधा कवितेंतच वाहतें. परीक्षेचा निकाल ऐकून मुलाच्या तोंडचें पाणी पळतें. तोंडचें जल पळालें असें कोणी म्हटलें तर ऐकणाऱ्याला हंसूं येईल. इंग्रजींत 'थिन', 'स्लेंडर' आणि 'स्किनी' यांचें असेंच आहे. पहिला शब्द नुसता माप सांगतो, दुसरा कौतुक करतो, तिसरा हिणवितो. हे सूक्ष्म भेद रॉझे यांनीं दिले नाहींत. तो निराळा विषय असून आपण त्यांत शिरत नाहीं असें त्यांनीं प्रस्तावनेंतच सांगून टाकलें आहे. त्यांनीं एकाहि शब्दाचा अर्थ दिलेला नाहीं. निवड करणाऱ्या वाचकाला शब्दांची ओळख आधींपासून आहे हें त्यांनीं धरून चाललें होतें. तेव्हां हें पुस्तक विसरलेल्या शब्दाची आठवण देणारें आहे. ज्या शब्दाशीं कधीं भेटच झाली नाहीं त्याची शिफारस तें करूं शकत नाहीं. पालकांनींहि मुलाच्या हातीं तें देतांना शेजारीं एक चांगला शब्दकोश ठेवावा असें मला वाटतें.

कवितेच्या तासालाहि या पुस्तकाचा एक उपयोग आहे, जो सहसा कोणी करीत नाहीं. पुस्तकाच्या शेवटीं वर्णानुक्रमानें शब्दांची सूचि आहे. तींत 'वॉर्म' हा शब्द काढला तर तो एकाहून अधिक मथळ्यांकडे बोट दाखवितो. एकदां तो जड द्रव्याच्या वर्गांत उष्णतेपाशीं भेटतो, आणि पुन्हां भावनांच्या वर्गांत उत्कटतेपाशीं. अलंकारशास्त्रांत ज्याला रूपक किंवा लक्षणा म्हणतात तिचा प्रवास असा सूचींत उघडा दिसतो: द्रव्याच्या घरांतला शब्द भावनेच्या घरीं पाहुणा गेला, आणि हळूहळू तेथलाच झाला. आपणहि जड अंतःकरणानें निरोप देतों आणि कडू आठवणी काढतों. अंतःकरण तराजूंत घालून कोणी जोखलेलें नसतें. जो प्रवास इतका जुना झाला कीं तो प्रवास आहे हेंच आपण विसरलों, तो रोजच्या भाषेंत मुरला. जो नवा आहे, ज्यांत शब्द प्रथमच परक्या उंबरठ्यावर पाऊल टाकतो, त्याला आपण काव्य म्हणतों. रॉझे स्वतः कवि नव्हते. पण कवि कोठून कोठें उडी मारतो हें मोजावयाला लागणारा नकाशा त्यांनीं काढून ठेविला.

असा प्रयत्न त्यांच्यापूर्वीं कोणी केलाच नव्हता काय? केला होता, आणि त्याचा उल्लेख त्यांनीं प्रामाणिकपणें केला आहे. त्यांच्याच रॉयल सोसायटीचे एक आद्य चिटणीस जॉन विल्किन्स यांनीं १६६८ सालीं सर्व कल्पनांचें वर्गीकरण करून त्यावर एक नवी सार्वत्रिक भाषा उभारण्याचा बेत छापला होता. पण आपल्याला विशेष वाटावें असें दुसरेंच नांव त्यांच्या टिपेंत आहे, आणि तें आपल्या अमरसिंहाचें! अमरकोशाचें कोलब्रुक यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १८०८ सालीं श्रीरामपूर येथें छापलें होतें, तें रॉझे यांच्या पाहण्यांत आलें. शब्दांचे अर्थवार वर्ग करणारा हा ग्रंथ आपल्याच जातीचा आहे हें त्यांनीं ओळखलें. मात्र त्याची स्तुति त्यांनीं हात राखून केली. स्वर्ग, देव, दैत्य, अग्नि, वायु, वेग हे सारे एका वर्गांत, आणि पाप, पुण्य, बुद्धि, रस, गंध, रंग यांची दुसऱ्या वर्गांत खिचडी, हें त्यांना गैर वाटलें; समुद्र, भूमि, नगरें, वनस्पति, प्राणी यांचे वर्ग मात्र नीट लावलेले दिसले, आणि इतक्या प्राचीन काळीं असा उद्योग व्हावा याचें त्यांना कौतुक वाटलें.

या निकालांत थोडा अन्याय आहे असें मला वाटतें. अमरसिंहाचा ग्रंथ पान उलटून पाहण्यासाठीं नव्हताच. तो मुखोद्गत करण्यासाठीं होता, म्हणून तो श्लोकबद्ध आहे. आपल्या पणजोबांच्या पिढींत संस्कृत शिकणारीं मुलें पहाटे उठून तो घोकीत असत. शिवाय त्याचें दुसरें नांव 'नामलिंगानुशासन'. म्हणजे शब्दाबरोबर त्याचें लिंगहि सांगण्याची जबाबदारी त्यानें घेतलेली. इंग्रजी नामांना असल्या लिंगाचा त्रास नसल्यानें रॉझे यांना ती अडचण कधीं भासलीच नाहीं. आणि वर्गीकरणांत स्वर्ग आधीं कां, असें विचारावयाचें तर 'अस्तित्व' आधीं कां असेंहि विचारतां येईल. ज्याला जें जगाचें आदिकारण वाटलें तें त्यानें पहिल्या पानावर घातलें.

ग्रंथ निघाला आणि लागलाच खपूं लागला. रॉझे यांच्या हयातींतच तो दोन डझनांहून अधिक वेळां छापावा लागला. टीकाहि झाली. आयते शब्द पुरवून हें पुस्तक लेखकांना आळशी करील, आणि ज्याच्यापाशीं विचार नाहीं त्याला नुसत्या शब्दांचा डौल देईल, असें कांहीं टीकाकारांचें म्हणणें होतें. वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें म्हणवत नाहीं. परंतु ज्या मनुष्यानें तें स्वतःच्या उणिवेपोटीं रचलें आणि सत्तेचाळीस वर्षें एकट्यानें वापरलें, त्याला आळशी म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये. १८५४ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें त्याची एक आवृत्ति निघाली. तींतून संपादकानें वाक्प्रचार गाळले आणि परभाषेंतून आलेले शब्द उचलून शेवटीं परिशिष्टांत टाकले. रॉझे त्यावर भारी संतापले, आणि हा ग्रंथाचा अंगभंग आहे असें आपल्या पुढील आवृत्तींत त्यांनीं स्पष्ट नोंदवून ठेवलें. भाषेंत उच्च व नीच, घरचा व परका, असे सर्वच शब्द नांदतात. कुळें लावणारानें कोणालाहि दाराबाहेर ठेवूं नये, अशी त्यांची भूमिका होती.

वार्धक्यांत त्यांना ऐकूं कमी येऊं लागलें, पण बुद्धि शाबूत होती. सप्टेंबर महिन्याच्या १२ तारखेस, १८६९ सालीं, वेस्ट मॅल्व्हर्न या डोंगराळ गांवीं ते नव्वदाव्या वर्षीं वारले. त्यांच्यामागें छापील थिसॉरसची त्यांची स्वतःची प्रत राहिली. नवीन सुचलेले शब्द ते तिच्या समासांत लिहीत, आणि असे समास गच्च भरून गेले होते. मुलगा जॉन लुइस रॉझे यानें ते शब्द उतरवून घेतले, मथळ्यांत बसविले, सूचि पुष्कळ मोठी केली, आणि १८७९ सालीं नवी आवृत्ति काढली. त्याच्यामागून नातू सॅम्युएल रोमिली रॉझे यानें तेंच काम चालविलें. पणजीच्या त्या भावाचें नांव त्याला ठेवलेलें होतें.